सीएनसीवर लाकडी वाडगा कोरताना: वखारीतल्या फळीपासून तेलाच्या हातापर्यंत

पहिला वाडगा बिघडला की दोष बहुतेक वेळा मशीनला दिला जातो. खरी कारणं सहसा दोन असतात: लाकूड ओलं होतं, किंवा फळी उलटवल्यावर दोन्ही बाजू जुळल्या नाहीत. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरच्या बटणांपेक्षा या दोन गोष्टींवर जास्त भर आहे. मापं एका ठरावीक वाडग्याची दिली आहेत: काठापाशी व्यास १८० मिमी, उंची ४२ मिमी, बूड १० मिमी. पहिल्या कामासाठी हेच माप घ्या. याहून खोल वाडग्याला लांब टूल लागतं आणि अडचणी तिथूनच वाढतात.

तीन अक्षांचं साधं सीएनसी राउटर मशीन, म्हणजे फिरतं टूल संगणकाच्या हुकमाने तीन दिशांना हलवून कोरणारं यंत्र, गृहीत धरलं आहे. मुंबईत दरवाजे आणि जाळ्या कोरणाऱ्या बहुतेक दुकानांत तेच असतं. घरी मशीन बसवायचा विचार असेल तर आवाज आणि बारीक भुसा या दोन गोष्टी सोसायटीत टिकू देणार नाहीत. साकीनाका, गोरेगाव, वसई, भिवंडी या पट्ट्यात तासावर जॉबवर्क करणारे मिळतात. तिथे डिझाइन आणि तयार फळी घेऊन जाणं हा शहाणपणाचा मार्ग.

काय काय लागेल

- फळी: ३०० × २०० मिमी, जाडी २ इंच (रंधून झाल्यावर ४७ मिमी). रेषा (लाकडाचे तंतू) ३०० मिमीच्या दिशेने.
- १२ मिमीचं दोन धारांचं सपाट एंडमिल (सपाट टोकाचं कापायचं टूल), कटिंग लांबी ५० मिमीच्या आसपास
- १२ मिमीचं बॉलनोज (गोल टोकाचं टूल), तेवढ्याच लांबीचं
- ६ मिमीचं सपाट एंडमिल (खुंट्यांच्या भोकांसाठी)
- ८ मिमीच्या लाकडी खुंट्या, २४ मिमी लांब, चार-पाच
- लाकडाचे स्क्रू, व्हर्नियर, ओलावा मोजायचा दोन सुयांचा मीटर
- १२०, १८०, २४०, ३२० नंबरचे पॉलिश पेपर
- एन-९५ मास्क, चष्मा, कानात घालायचे प्लग
- पेन ड्राइव्हवर एसटीएल (वाडग्याच्या त्रिमितीय आकाराची) फाइल आणि छापलेलं मापांचं चित्र

टूल्स नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. तिथे मिमी आणि इंच या दोन्ही मापांची टूल्स एकाच ट्रेमध्ये पडलेली असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. ६ मिमीचं टूल पाव इंचाच्या कॉलेटमध्ये (टूलचा दांडा पकडणाऱ्या मशीनच्या भागात) आवळल्यासारखं वाटतं, पण काम चालू असताना खाली सरकतं आणि बुडाला भोक पाडतं. दुकानातच व्हर्नियर लावून दांडा मोजा. ज्या मशीनवर काम होणार त्याचा कॉलेट कोणता हेही आधी विचारा. ईआर११ मध्ये ७ मिमीपर्यंतच दांडा बसतो, ईआर२० मध्ये १३ मिमीपर्यंत.

१. लाकूड निवडा आणि त्याचा ओलावा मोजा

रे रोडच्या लाकूड बाजारात फळ्या घनफुटावर विकल्या जातात. आपला तुकडा १२ × ८ × २ इंच, म्हणजे जेमतेम ०.११ घनफूट. एवढ्यासाठी वखारवाला फळी कापत नाही, म्हणून थेट 'कटपीस आहे का' असंच विचारा. दरवाजाच्या चौकटी बनवणाऱ्यांकडेही असे तुकडे उरतात.

पहिल्या वाडग्यासाठी जुना साग सर्वांत उत्तम. पाडलेल्या जुन्या इमारतींच्या तुळया आणि चौकटी बाजारात येतात. ते लाकूड कित्येक दशकं वाळलेलं असतं, त्यामुळे कोरल्यावर फारसं हलत नाही. त्यात दोन धोके आहेत. पहिला, आत तुटलेले खिळे. पृष्ठभागावर काळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं समजा. जोरदार चुंबक सगळीकडून फिरवा, खोलवरच्या खिळ्यांसाठी हातातला मेटल डिटेक्टर वापरा. दुसरा, जुना रंग. त्यात शिसं असू शकतं. रंगाचा थर असलेली फळी घासू नका, सगळ्या बाजूंनी करवतीने कापून तो भाग टाकून द्या.

नव्या लाकडांत सागात वाळूसारखी सिलिका असते, ती टूलची धार लवकर खाते. शिसम जड आणि सुंदर, पण त्याला हळू कापावं लागतं. आंबा स्वस्त मिळतो, मात्र त्याला भुंगा लवकर लागतो. फळीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती घेऊ नका. ओळख न पटलेलं लाकूड खाण्याच्या भांड्यासाठी वापरू नका.

आता ओलावा. मीटरच्या सुया फळीच्या टोकाला न टोचता मध्यावर टोचा, टोक नेहमी जास्त कोरडं दाखवतं. १२ टक्के किंवा कमी आलं तर पुढे जा. जून ते सप्टेंबरच्या हवेत वखारीतली फळी याहून बरीच ओली असते. अशी फळी लगेच कोरली तर वाडगा दिवाळीपर्यंत लंबगोल होतो, कारण लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही, पण वार्षिक वलयांच्या कडेकडेने आकसतं ते वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. मीटर नसेल तर फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की ती वाळली.

झाडाचा गाभा असलेला तुकडा नको. गाभ्यापासून तडे जातात, त्यावर उपाय नाही.

२. आकार काढा

फ्युजन या डिझाइन सॉफ्टवेअरची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्ती किंवा फ्रीकॅड पुरेसं आहे. फ्युजनच्या मोफत आवृत्तीत मशीनच्या जलद हालचालीही कापण्याच्या वेगानेच होतात, त्यामुळे वेळ थोडा वाढतो, कामाच्या दर्जात फरक पडत नाही. बऱ्याच दुकानांत अजून आर्टकॅम चालतं. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं, पण जुन्या प्रती वापरात आहेत आणि त्यात एसटीएल उघडतं.

वाडग्याचा अर्धा उभा छेद काढून तो मध्यरेषेभोवती ३६० अंश फिरवायचा. छेदाची मापं अशी:

- बाहेरून: बुडाची त्रिज्या ४० मिमी, काठाची ९० मिमी, उंची ४२ मिमी. काठाखालचे शेवटचे ६ मिमी सरळ उभे ठेवा, पुढे टॅब (वाडगा उरलेल्या फळीला धरून ठेवणारे लाकडाचे जोड) तिथेच येणार आहेत.
- आतून: काठापाशी त्रिज्या ८२ मिमी, म्हणजे भिंत ८ मिमी. आतली खोली ३२ मिमी.
- बुडाखाली ३० मिमी त्रिज्येचा, २ मिमी खोल खळगा. अख्खं सपाट बूड थोडं जरी वाकलं तरी वाडगा डुलतो. खळगा असला की तो कडेवर बसतो.

भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथली आतली गोलाई किमान १५ मिमी ठेवा. बॉलनोजची त्रिज्या ६ मिमी आहे म्हणून गोलाईही ६ मिमीच ठेवली, तर कोपऱ्यात टूल एकाच वेळी दोन्हीकडून लाकडाला भिडतं, थरथरतं आणि लहरी उमटवतं.

तळ पूर्ण सपाट ठेवू नका, मध्याकडे १ ते २ मिमी उतार द्या. बॉलनोजच्या टोकाचा मध्यबिंदू फिरताना जागच्या जागीच असतो, तिथे कापण्याचा वेग शून्य. सपाट तळावर नेमका तोच बिंदू घासला जातो आणि तंतू उभे राहतात. ती लव पेपरने घासून काढताना जीव जातो.

शेवटी छेद उघडून भिंतीची जाडी पृष्ठभागाला काटकोनात मोजा. सर्वांत पातळ जागा काठापाशी नसते, ती बाहेरचा वळसा आणि आतली गोलाई समोरासमोर येतात तिथे असते. तिथे ७ मिमीपेक्षा कमी भरलं तर बाहेरचा वळसा थोडा फुगवा.

एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलं जात नाही. मिमीत काढलेला वाडगा दुकानातल्या सॉफ्टवेअरने इंचात उघडला की तो २५.४ पट मोठा दिसतो. हे लगेच लक्षात येतं. याच्या उलट घोटाळा कधीकधी येत नाही, म्हणून छापलेल्या चित्रावर 'बाहेरचा व्यास १८० मिमी' ठळक लिहा.

३. उलटवण्याची व्यवस्था आधी ठरवा

या कामाचा कणा हाच. दोन्ही बाजू जुळवण्यासाठी तीन गोष्टी ठरवून घ्या.

पहिली: मूळ बिंदू फळीच्या बरोबर मध्यावर. एक्स अक्ष लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषेच्या दिशेने.

दुसरी: मध्यापासून दोन्हीकडे १३० मिमी अंतरावर, मध्यरेषेवरच, ८ मिमीची दोन भोकं. फळी या लांब रेषेभोवती उलटवली की भोकं जागची हलत नाहीत. शिवाय लाकूड लांबीत आकसत नसल्याने महिन्याभराने परत लावली तरी खुंट्या बसतात.

तिसरी: उंचीचं मोजमाप नेहमी काठाच्या पातळीपासून. आतली बाजू कोरताना झेड झिरो (उंची मोजायचा शून्य बिंदू) फळीच्या सपाट केलेल्या वरच्या पृष्ठभागावर घ्या, तीच काठाची पातळी. उलटवल्यावर तोच पृष्ठभाग बेडवर (मशीनच्या टेबलावर) टेकतो, म्हणून बाहेरच्या बाजूला झेड झिरो बेडवर घ्या. असं केलं की बुडाची जाडी ४२ वजा ३२, म्हणजे १० मिमीच येते, फळी ४६ ची असो वा ४८ ची. दोन्ही वेळा फळीच्या वरच्या पृष्ठभागावर झिरो घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्यात फळीच्या जाडीतली सगळी तफावत बुडात जमा होते.

यासाठी बेडवरचा एमडीएफ मशीननेच एकदा सपाट करून घ्या. ऑपरेटर कंटाळा करतील, तरी आग्रह धरा.

४. फळी बसवा, आतून रफिंग करा

स्क्रू चारही कोपऱ्यांत, मध्यापासून लांबीत १३० आणि रुंदीत ७५ मिमीवर. डोकी ६ मिमी खोल बुडवा, कारण नंतर वरून २ मिमी छिलायचं आहे. स्क्रूच्या जागा टूलपाथच्या (टूल ज्या वाटेने फिरणार त्या वाटेच्या) चित्रावर खूण करून ठेवा.

आधी ६ मिमीच्या एंडमिलने खुंट्यांची भोकं १५ मिमी खोल करा. टाकाऊ तुकड्यावर चाचणी घेऊन खुंटी हाताने दाबून बसेल असं माप ठरवा. बाजारातल्या ८ मिमीच्या खुंट्या सगळ्या नेमक्या ८ च्या नसतात.

मग १२ मिमीच्या सपाट टूलने रफिंग, म्हणजे जास्तीचं लाकूड ढोबळपणे काढणं:

- फेरे मिनिटाला १६,०००, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ३,२०० मिमी
- एका थरात खोली ४ मिमी, शिसमला ३ मिमी
- बाजूला सरकणं ५ मिमी
- लाकडात उतरताना सरळ खाली न घुसता उतारावरून किंवा गोल फिरत

फीडला फेरे आणि धारांच्या संख्येने भागा: ३,२०० भागिले ३२,००० म्हणजे प्रत्येक धार ०.१ मिमी कापते. हा आकडा फार उतरला तर टूल कापायचं सोडून घासू लागतं, तापतं आणि लाकूड काळं पडतं. जळका वास आला की नवखा माणूस फीड कमी करतो, त्याने आणखी जळतं. फीड वाढवा किंवा फेरे कमी करा. तरीही जळत असेल तर धार गेली आहे. पाहायची खूण सोपी: खाली कण पडले पाहिजेत, पीठ नाही.

लहान मशीन असेल आणि ६ मिमीचंच टूल बसत असेल, तर १२,००० फेरे, १,२०० फीड आणि २ मिमीचे थर ठेवा.

रफिंगमध्ये काठ वरच्या पृष्ठभागापासून २ मिमी खाली धरा आणि भिंतीवर ५ मिमी जास्तीचं लाकूड सोडा. फळी जुन्या सागाची आणि खडखडीत वाळलेली असेल तर १ मिमी पुरे, सहावी पायरीही गाळता येईल.

टूल कॉलेटमधून गरजेपुरतंच बाहेर काढा. बाहेर निघालेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराखाली टूल आठपट वाकतं.

५. उलटवा, बाहेरून रफिंग करा

एक्स आणि वाय झिरोला हात लावू नका. फळी काढा, त्याच दोन बिंदूंवर एमडीएफमध्ये १२ मिमी खोल भोकं करा, खुंट्या ठोका, भुसा ब्रशने पूर्ण झाडा आणि फळी उलटी बसवा. खुंटी बाहेर १२ मिमीच राहिली पाहिजे. जास्त राहिली तर फळी टेकणार नाही, आणि बसली आहे असं वाटत राहील. चारही कोपऱ्यांखाली कागद सरकवून पाहा.

आता वर आलेल्या बाजूलाही त्याच जागी १५ मिमीची भोकं करून घ्या. फळी पुन्हा सुलटी लावताना ती लागतील.

बाहेरचं रफिंग वरच्याच आकड्यांनी. वाडग्याभोवती १४ मिमीची खाच जाते, म्हणजे १२ च्या टूलला दोन्हीकडे थोडी मोकळीक. काठाच्या बाजूला १२ मिमी लाकूड न कापता सोडा. फळीची रुंदी २०० मिमी असल्याने खाच दोन्ही कडांतून बाहेर पडते, हे मुद्दाम आहे. रुंदी थोडी जास्त घेतली तर कडेला कागदासारखी पट्टी उरू शकते आणि ती तुटून उडते. वाडगा फक्त दोन्ही टोकांकडून चौकटीला (उरलेल्या फळीला) जोडलेला राहतो आणि तिथे रेषा सलग असल्याने जोड मजबूत असतो. रेषेला आडवे ठेवलेले टॅब बोटानेही मोडतात.

६. तुकडा विसावू द्या

रफ तुकडा काढून वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि दोन-तीन आठवडे सावलीत, भिंतीपासून दूर ठेवा. पंख्याच्या झोतात किंवा गच्चीवर उन्हात ठेवला तर टोकांना तडे जातात. पावसाळ्यात शक्य असल्यास एसी चालणाऱ्या खोलीत ठेवा. वजन स्थिरावलं की पुढे चला.

७. फिनिशिंग

आधी आतली बाजू वर. खुंट्या लावून फळी ठेवा आणि ती डुलते का पाहा. डुलत असेल तर स्क्रूने आवळून सपाट करू नका. सोडल्यावर ती मूळ वाकात परत जाते आणि काठ वाकडा निघतो. फटीत कार्डाचे तुकडे सारा, मधे बुडाखालीही आधार द्या, मग हलकेच आवळा.

वरचा पृष्ठभाग चौकटीसकट साधारण २ मिमी छिलून सपाट करा, तिथे नवा झेड झिरो घ्या. मग १२ मिमीचं बॉलनोज, १८,००० फेरे, २,७०० फीड, ओळींमधलं अंतर १.२ मिमी. या अंतराने राहणाऱ्या कड्यांची उंची सुमारे ०.०३ मिमी येते, १२० च्या पेपरने ती सहज जाते. ६ मिमीच्या बॉलनोजने तेवढ्याच अंतराला कड्या दुप्पट उंच राहतात, तिथे अंतर ०.८ वर आणा. भिंतीवर अजून ५ मिमी लाकूड आहे हे विसरून थेट शेवटचा हात चालवू नका. मधे १ मिमी ठेवणारा एक रफिंगचा हात घ्या.

गोल भांड्यात टूल रेषेला चार दिशांनी भेटतं. त्यातल्या समोरासमोरच्या दोन भागांत तंतू उपटले जातात. टूलपाथ क्लाइम्ब दिशेने (धार जाड कापापासून सुरू होऊन पातळ कापाकडे जाते ती दिशा) आणि शेवटचा हात ताज्या धारेच्या टूलने घेतला तर हे बरंच टळतं. म्हणून बॉलनोज रफिंगला कधीच वापरू नका.

मग उलटवा, झेड झिरो बेडवर, बाहेरची बाजू त्याच आकड्यांनी आणि बुडाचा खळगा. शेवटी कापून वेगळं करणारा टूलपाथ: दोन्ही टोकांना दोन-दोन टॅब, १२ मिमी रुंद, ६ मिमी जाड. टॅब बारीक करवतीने कापा, छिन्नीने ठोकू नका, काठाचा टवका निघतो.

मशीन चालू असताना हातमोजे घालू नका, फिरत्या स्पिंडलमध्ये ते ओढले जातात. मास्क मात्र शेवटपर्यंत हवा: लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणला जातो, आणि सागाच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

८. घासणं आणि तेल

१२०, १८०, २४० असं क्रमाने, नंबर न गाळता. २४० नंतर ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू ३२० ने हलके उतरवा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्या धुण्यातच वाडगा खरखरीत होतो.

तेलासाठी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. त्याचे चार भाग आणि मधमाशीच्या मेणाचा एक भाग, वजनाने, पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. वाडग्याला कोमट मिश्रण भरपूर लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी कोरडं पुसा. तीन हात तरी हवेत. शेंगदाणा किंवा मोहरीचं तेल नको, ते सुकत नाही आणि खवट वास धरतं. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' जवसाचं तेलही नको, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. साधं जवसाचं तेल वापरलंत तर फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

वाडगा पाण्यात भिजत ठेवू नका, गरम आमटीसाठी वापरू नका. धुतल्यावर लगेच पुसून उभा वाळवा, आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, आत-बाहेर सारखाच तेलाचा एक हात द्या. एकाच बाजूला दिला तर दुसरी बाजू ओलावा ओढते आणि काठ वाकतो.